पंच्याऐंशी ग्रॅमचा फिल्टर आणि सोलापूरचं बोअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रेकवर पाणी गाळायच्या फिल्टरच्या पाकिटावर ८५ ग्रॅम लिहिलंय. आकडा खरा आहे, पण तो कोऱ्या, कोरड्या फिल्टरचा. एकदा पाणी लागलं की आतल्या तंतूंमध्ये ते राहतंच, कितीही झटका. वर कच्च्या पाण्याची बाटली, धुवायची सिरिंज, पिशवी आणि टोपण धरलं की सॅकमध्ये पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम जातात. तरी सौदा फायद्याचाच आहे. हिवाळ्यातही गड चढताना माणशी तीन-चार लिटर लागतं, उन्हाळ्यात पाच, आणि लिटरमागे एक किलो हा हिशेब काही बदलत नाही.

हा फिल्टर जून ते जानेवारी वापरात होता. वारीत नातेपुते ते वाखरी, पावसात राजगड-तोरणा, थंडीत हरिश्चंद्रगड आणि रतनगड, मधल्या रविवारी नळदुर्ग. होलो फायबरचा, म्हणजे शेवयांसारख्या पोकळ तंतूंचा जुडगा असलेला, ०.१ मायक्रॉनच्या भोकांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बाटलीला लावून दाबायचा. याच घडणीचे तीन-चार कंपन्यांचे फिल्टर मिळतात आणि पुढचं सगळं त्या सगळ्यांना लागू आहे, म्हणून नावात पडत नाही. गडावरच्या गाळानं तो चोंदेल असं वाटलं होतं. चोंदला तो घरी, सोलापुरात, कपाटात.

आधी निवडीचं. वजन, मायक्रॉन आणि लाखो लिटरचे दावे बघण्याआधी आटे बघा. २८ मिमीचे आटे असतील तर कोल्ड्रिंकची बाटली थेट बसते. बाजारातल्या एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या मात्र बसतीलच असं नाही. बऱ्याच बाटल्यांचं तोंड वेगळ्या मापाचं असतं, एक-दीड वेढा बसल्यासारखं वाटतं आणि दाबलं की आट्यांतून पाणी फुटतं. घरीच फिरवून बघा. कोल्ड्रिंकची बाटली गॅसचा दाब सोसायला बनवलेली, म्हणून जाडही असते आणि दाबून दाबून लवकर चिरत नाही. फिल्टरसोबत येणाऱ्या मऊ पिशव्या हलक्या असतात, पण ओढ्यात भरायला वैताग आणतात (तोंड बारीक, पिशवी चपटी, पाणी आत शिरतच नाही) आणि शिवणीपाशी आधी जातात. सव्वा लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या, एक कच्च्या पाण्याची, एक प्यायच्या. कच्चीवर मार्करनं मोठी फुली मारा. रात्री टॉर्चच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात.

बाटली आणि फिल्टर जिथे जुळतात तिथे एक चपटी रबरी वॉशर असते. या यंत्रातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळा भरवसा तिच्यावर. हौसेनं जास्त आवळलं की ती एका बाजूनं वर येते, मग बाटली काढताना निसटून पाण्यात जाते. ती नसली तरी फिल्टर चालतो, हीच पंचाईत. आट्यांतून कच्च्या पाण्याचा एक थेंब झिरपतो, फिल्टरच्या अंगावरून घरंगळत खाली येतो आणि तोटीच्या टोकाला लटकून गाळलेल्या पाण्याबरोबरच प्यायच्या बाटलीत पडतो. म्हणून बोटांनी आवळा, मनगटानं नको. गाळताना फिल्टर किंचित आडवा धरा म्हणजे गळणारा थेंब बाजूला जातो. आणि दोन जादा वॉशर औषधांच्या डबीत ठेवा. बाटली चेपून बसली की अर्धा वेढा सैल करून हवा आत घ्यायची, पुन्हा आवळायचं, पुन्हा दाबायचं. पीळ देऊन दाबायचं नाही.

०.१ मायक्रॉनला काय अडतं? जुलाब लावणारे दोन परजीवी, जिआर्डिया साधारण ८ ते १२ मायक्रॉनचा, क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६, कॉलऱ्याचा जंतू जाडीला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. हे सगळे अडतात. काविळीचे विषाणू, हिपॅटायटिस ए आणि ई, ०.०३ मायक्रॉनच्या घरातले. म्हणजे भोक त्यांच्या तिप्पट मोठं. पाकिटावर जिवाणूंपुढे ९९.९९९९९ टक्के लिहिलेलं असतं, त्या ओळीत विषाणू हा शब्द शोधा. नसेल, तर नाही.

त्यामुळे पाणी कुठलं यावर काम ठरतं. राजगड-हरिश्चंद्रगडावरची कातळात खोदलेली टाकी पावसानं भरतात, वर वस्ती नसलेलं टाकं असेल तर नुसता फिल्टर पुरतो. वारीत नेमकं उलटं. टँकरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण लाखो माणसं, उघड्या टाक्या आणि आषाढातला पाऊस यांत धोका विषाणूंचा असतो. तिथे फिल्टरपेक्षा क्लोरीनच्या गोळीचं काम मोठं. दोघांची जोडी चांगली जमते, कारण क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन फारसं बाधत नाही, तो फिल्टर अडवतो, आणि फिल्टरमधून निसटलेला विषाणू क्लोरीन मारतं. क्रम चुकवू नका. आधी गाळा, मग गोळी, मग ३० मिनिटं थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतं. गोळ्या एक लिटरच्याही मिळतात आणि वीस लिटरच्याही, पाकिटावरचा आकडा वाचा. वीस लिटरची गोळी नखानं तोडून एका बाटलीत टाकायचा उद्योग करू नका. उकळणं हा तिसरा मार्ग. खळखळून एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, पण कळसूबाईच १६४६ मीटर आहे, तेव्हा सह्याद्रीत हा प्रश्न येत नाही.

काही पाण्यांना फिल्टर लावूच नये. उजनीच्या फुगवट्यावर हिरवा तवंग असतो तेव्हा ते पाणी गाळूनही नको, उकळूनही नको. शेवाळातली विषं विरघळलेली असतात, तंतूंतून आरपार जातात आणि उकळल्यानं नष्ट होत नाहीत. उसाच्या फडातून वाहून आलेल्या पाटाच्या पाण्यातली औषधं आणि खतंही तशीच. क्षार तर अजिबात अडत नाहीत. टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं मीटर घेऊन आधी आणि नंतर मोजणारे पुष्कळ भेटतात आणि आकडा तोच आला की फिल्टर खोटा ठरवून मोकळे होतात. आकडा तोच यायला हवा. खारं बोअर गाळून खारंच राहतं.

आता गाळ. पावसाळ्यात सह्याद्रीतलं पाणी तांबडं असतं, पण ते भांड्यात अर्धा तास ठेवलं की बरंचसं निवळतं. आपल्याकडची काळी माती तशी नाही. तिचे कण दोन मायक्रॉनहून बारीक, रात्रभर ठेवलं तरी चहासारखं पाणी तसंच. नळदुर्गाजवळ बोरी नदीचं पाणी पावसात थेट गाळलं तर दुसऱ्याच लिटरला धार बारीक होते. फडकं लावून ही माती थांबत नाही. चार पदरी जुनी सुती साडी वीसेक मायक्रॉनपर्यंतचं अडवते (जुनीच, कारण धुऊन धुऊन सूत फुगतं आणि भोकं आवळतात), त्यात पालापाचोळा, अळ्या, पाण्यातले बारीक किडे निघतात. बारवेचं पाणी फडक्यानं गाळून प्या, असं नारूच्या काळात गावोगाव सांगितलं जायचं ते याचसाठी. नारू त्या किड्यांतून पसरायचा. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पण मातीला तुरटीच हवी. चार लिटरला चिमूटभर पूड, आधी जोरात ढवळायचं, मग पाच मिनिटं हळूहळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. तळाला कापसासारखा थर बसतो. वरचं पाणी अलगद ओतून घ्या. तो थर फिल्टरमध्ये गेला तर तुरटी न टाकलेलीच बरी होती असं म्हणायची वेळ येते.

धार बारीक झाली की उलटं पाणी मारायचं. ६० मिलीची सिरिंज, तोटीकडून, पाच-सहा वेळा, आणि जोरात. हळू दाबलं तर पाणी मोकळ्या तंतूंतून वाट काढतं, चोंदलेले तसेच राहतात. पहिल्या दोन सिरिंजना राखाडी पाणी येतं, चौथीला निवळतं. सिरिंजमध्ये गाळलेलंच पाणी भरा. टाक्यातलं कच्चं पाणी तोटीकडून मारलं की स्वच्छ बाजूच घाण होते, आणि ती बाजू पुन्हा कशानं धुणार? ट्रेकवर रोज संध्याकाळी एकदा आणि गढूळ पाण्यात दर दोन-तीन लिटरला, एवढं केलं की गडावर त्रास नाही.

त्रास घरी आल्यावर. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून धुणं-भांडी बोअरवर, आणि परतल्यावर फिल्टरही त्याच पाण्यानं धुतला जातो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि बादलीच्या काठाला पांढरं कडं बसतं, ते पाणी तंतूंच्या भोकांत सुकलं की तिथेही तेच कडं बसतं. दर खेपेला थोडं. नवा असताना लिटरला एक मिनिट लागायचं, जानेवारीत साडेतीन मिनिटं लागायला लागली, तोटीच्या तोंडाशी बोटाला खरखरीत पांढरी पूड लागत होती. गाळ की क्षार हे सिरिंजवरून ओळखता येतं. गाळ कच्च्या बाजूला बसतो, उलट्या पाण्यानं सुटतो. क्षार भोकांतच बसतो, मग सिरिंजचा दांडाच जड जातो आणि बाहेर येणारं पाणी मात्र स्वच्छ असतं.

उपाय स्वस्त आहे. चायनीजच्या गाड्यावर असतं ते पांढरं व्हिनेगर एका वाटीत ओता. दोन सिरिंज व्हिनेगर तोटीकडून आत मारा, मग अख्खा फिल्टर त्यात अर्धा तास बुडवा. बाहेर काढून आरओच्या किंवा विकतच्या पाण्यानं पाच-सहा वेळा उलटं मारा. जास्त बसलं असेल तर दोनदा. दुसऱ्या खेपेनंतर लिटरला सव्वा मिनिट लागलं, म्हणजे जवळजवळ पूर्ववत. इथून पुढचा नियम सोपा, शेवटचं धुणं कायम आरओच्या पाण्यानं. कपाटात ठेवण्याआधी लिटरभर आरओच्या पाण्यात बिनवासाच्या साध्या ब्लीचचे दोन थेंब टाकून ते फिल्टरमधून जाऊ द्या, झटका, टोपण न लावता सावलीत वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर एका बैठकीत नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मधे स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा.

महिनाभर वाळलेला फिल्टर पुन्हा काढला की पाणीच येत नाही, आणि माणूस घाबरून नवा मागवतो. तंतूंत हवा अडकलेली असते. कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग सिरिंजनं हवा हाकला. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतपत. या फिल्टरांची मर्यादा साठ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फिल्टर ठेवणं म्हणजे तो शिजवणं. दुसरं टोक हिमालयात. वापरलेला फिल्टर गोठला तर आतलं पाणी फुगून तंतू फाटतात, बाहेरून काहीच दिसत नाही, उलट धार छान मोकळी होते. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा.

तंतू फाटलाय का, हे घरी तपासता येतं. फिल्टर पूर्ण भिजवा, कच्च्या बाजूला रिकामी बाटली लावा, तोटी पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि बाटली दाबा. ओल्या, धड तंतूंतून हाताच्या दाबानं हवा जात नाही. सुरुवातीला उरलेलं पाणी आणि एखादा बुडबुडा येईल, मग बाटली हाताला कडक लागेल. बुडबुड्यांची माळ सुरूच राहिली तर फिल्टर टाकून द्या. पडला असेल तर प्रत्येक वेळी हे करा. बघून समजत नाही.

दुसरे पर्याय थोडक्यात. तोंडाला लावून ओढायची नळी स्वस्त, पण टाक्याच्या काठाशी पालथं पडावं लागतं आणि रात्रीच्या भाताला पाणी कुठून आणणार? कॅटाडिनचा बीफ्री साठ-पासष्ट ग्रॅमचा, धार फार मोकळी, हलवून धुता येतो, सिरिंज लागत नाही. पण आटे ४२ मिमीचे, पिशवी फाटली की कोल्ड्रिंकची बाटली मदतीला येत नाही. ग्रेलचा जिओप्रेस विषाणूही काढतो, एका दाबात ७१० मिली देतो, वजन मात्र ४५० ग्रॅम आणि अडीचशे लिटरनंतर आतला भाग बदलायचा. एकट्यानं वारी करायची असेल तर तो विचार करण्यासारखा आहे. गडांसाठी जड.

सहा जण असतील तर दाबायचा फिल्टर हातात धरून रात्री वीस लिटर कोणी गाळत नाही. चार लिटरची पिशवी, एक मीटर सिलिकॉनची नळी, फिल्टर नळीच्या खालच्या टोकाला, म्हणजे वरच्या पाण्याचा सगळा दाब त्याला मिळतो. पिशवी जितकी उंच तितकी धार मोठी, गुडघ्याएवढ्या उंचीवर नुसती ठिबकते. झाडाला टांगा आणि स्वयंपाकाला लागा. फक्त माकडांचा वावर असलेल्या गडावर पिशवीपाशी काठी घेऊन एक जण बसवा. लटकणारी पिशवी म्हणजे खाऊ, असं त्यांचं पक्कं मत आहे.