पीएस५ स्लिम वर्षभर वापरून: लोडिंग संपलं, डाउनलोड काही संपेना

खरं तर रिव्ह्यू लिहायचा विचार नव्हता, पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल, प्लेस्टेशन ५) बद्दल आता नवीन काय सांगणार, स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. पण मध्यंतरी आमच्या धायरीत रस्ता खोदताना कोणीतरी फायबर तोडली आणि घरचं नेट जे गेलं ते आठवडा उलटला तरी येईना. केबलवाल्याला फोन केला की एकच उत्तर, "साहेब, माणूस निघालाय." तो माणूस बहुतेक पंढरपूरहून चालत येत असावा. तेवढ्या काळात पन्नास-पंचावन्न हजारांच्या मशीनचं नेटशिवाय काय चालतं आणि काय नाही हे नीट कळलं, म्हणून लिहितोय.

आधी चांगलं बोलून घेतो. मी पीएस४ वरून आलोय, सरळ पीएस५ स्लिमवर, डिस्कवाल्या. आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी आलेलं, आत काही न फिरणारं वेगवान स्टोरेज) हा प्रकार म्हणजे खरोखर कमाल आहे. ग्राफिक्स वगैरे ठीक, माझा टीव्ही जुना आहे, ४के नाहीच, त्यामुळे त्यातलं निम्मं मला दिसतही नसेल. पण लोडिंग! पीएस४ वर एखादा ओपन वर्ल्ड गेम (मोठ्या नकाशात मोकळं फिरायचा) चालू करून मी चहा टाकायला जायचो आणि चहा उकळून परत यायचो तरी लोडिंग स्क्रीनवरच्या टिप्स चालूच असायच्या. आता टिप वाचायला घ्यावी तर पहिल्या ओळीलाच गेम सुरू. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर एकदम लांब उडी, तर विचारूच नका. २०१९ मध्ये पीएस५ च्या डिझाइनचा प्रमुख मार्क सर्नी याने स्पायडर-मॅन गेमच्या लोडिंगचा डेमो दाखवला होता, पीएस४ प्रोवर १५ सेकंद आणि नवीन डेव्हकिटवर (गेम बनवणाऱ्यांसाठीच्या मशीनवर) ०.८ सेकंद, तेव्हा मला वाटलेलं की मार्केटिंग आहे. नाही, मार्केटिंग नव्हतं.

आणि मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जुन्या गेम्समध्ये हिरो दोन दगडांच्या फटीतून अंग चोरून हळूहळू सरकतो बघा, किंवा लिफ्टमध्ये उभं राहून दोघं उगाच गप्पा मारतात. तो सीन दिग्दर्शकाला सुचलेला नसतो, ती हार्ड डिस्कची मजबुरी असते. तुम्ही फटीत अडकलेले असताना मागे पुढचा एरिया लोड होत असतो. पीएस४ ची हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी द्यायची, तेही डिस्क वाचणाऱ्या हेडला इकडून तिकडे फिरावं लागलं नाही तर. पीएस५ चा एसएसडी ५.५ जीबी देतो, आणि कॉम्प्रेस केलेला डेटा असेल तर ८-९ पर्यंत. हे कळल्यापासून मला तोच नाद लागलाय, कुठलाही गेम घेतला की मी आधी फटी मोजतो. बायको म्हणते गेम खेळतोयस की बांधकामाची पाहणी करतोयस.

तर हा नाद माझ्या डोक्यात इतका बसला की गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक लावल्यावर मी वैतागलो. २०२२ चा गेम, हातात पीएस५, आणि तरी फटीच फटी! कारण तो पीएस४ वर पण निघाला होता. पीएस४ साडेअकरा कोटींच्या वर विकला गेलाय, एवढं गिऱ्हाईक कोण सोडणार. म्हणजे नवीन मशीन बाजारात आलं तरी गेम बनवणारे जुन्या मशीनच्या मापानेच कापड कापत राहतात. फुटबॉलचा एफसी २६ आणि कॉल ऑफ ड्यूटी २०२५ मध्येही पीएस४ वर आले. ज्या गेम्सनी पीएस४ सोडला त्यांच्यातला फरक लगेच कळतो. रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्ट २०२१ मध्ये फक्त पीएस५ वर आला, त्यात एका जगातून दुसऱ्या जगात उडी मारली की ते जग समोर हजर. हॉरायझनचं पण तसंच, मूळ फॉरबिडन वेस्ट दोन्हीकडे आला, पण त्याचं बर्निंग शोअर्स हे एक्स्पान्शन २०२३ ला फक्त पीएस५ वर दिलं.

भाच्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे, सांगलीला. तो उलट बाजूने तोच त्रास सांगतो. सिरीज एसमध्ये रॅम १० जीबी, महागड्या सिरीज एक्समध्ये १६, आणि मायक्रोसॉफ्टचा नियम असा की दोन्हीवर गेम फीचर्ससकट सारखा चालला पाहिजे. बाल्डर्स गेट ३ त्यातच अडकला, एका स्क्रीनवर दोघांनी खेळायचा स्प्लिट-स्क्रीन मोड सिरीज एसवर नीट बसेना. शेवटी नियम सैल केला आणि पीएस५ नंतर तीन महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये तो एक्सबॉक्सवर आला, सिरीज एसवर त्या मोडशिवाय, तिथे तो मोड २०२५ मध्ये आला. त्याआधी भाचा म्हणाला होता, "मामा, आपण दोघं एका टीव्हीवर खेळायचं ठरलं होतं ना, आता तू तुझं मशीन घेऊन ये." म्हटलं एसटीत मांडीवर ठेवून आणू का.

असो. तर वर्षाच्या सुरुवातीला मी एसएसडीला दहापैकी दहा देऊन मोकळा झालो होतो. आता सात देतोय. का ते सांगतो.

स्लिमवर लिहिलंय १ टीबी, वापरायला मिळतात ८४२ जीबीच्या आसपास. पहिल्या पीएस५ वर ८२५ पैकी ६६७ मिळायचे, त्यामानाने बरं. पण गेम बघा. कॉल ऑफ ड्यूटी सगळ्या मोडसकट घेतला तर एकटा २०० जीबीच्या वर जातो. मला वाटायचं डिस्क घेतली की जागा वाचेल. अजिबात नाही, डिस्कवरून गेम चालतच नाही, सगळा एसएसडीवर इन्स्टॉल करावा लागतो आणि नंतर डिस्क फक्त चावीसारखी आत ठेवायची. चावी तर चावी, माझ्यासाठी तिची किंमत आहे, कारण ४,९९९ चा गेम मी सेकंडहँड तीनला घेतो आणि खेळून झाला की बावीसशेला विकतो. डिजिटलमध्ये हे सुख नाही. म्हणून मी कोणालाही डिजिटल एडिशन (डिस्क ड्राइव्ह नसलेली) घे म्हणणार नाही, तिथे वाचलेले पैसे थोड्याच गेम्समध्ये वसूल होऊन जातात.

पीसीवाल्यांचा एक किस्सा इथे सांगायलाच पाहिजे. हेलडायव्हर्स २ पीएस५ वर साधारण ३५ जीबी आणि पीसीवर १५० च्या वर. कारण काय, तर ज्यांच्याकडे अजून जुनी हार्ड डिस्क आहे त्यांचं लोडिंग बरं व्हावं म्हणून एकच फाईल पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागी ठेवली होती, म्हणजे हेडला लांब पळावं लागत नाही. सर्नीने २०२० च्या भाषणात हेच सांगितलं होतं, की जुन्या स्पायडर-मॅनमध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंचा डेटा ४०० वेळा ठेवावा लागायचा. नंतर हेलडायव्हर्सवाल्यांनी मोजलं तर लक्षात आलं की हार्ड डिस्कवाले थोडेच आहेत आणि त्यांनाही काही सेकंदांचाच फरक पडतो, मग २०२५ च्या शेवटी त्यांनी गेम २३ जीबीवर आणला. सव्वाशे जीबी नुसती पुनरावृत्ती! माझ्यासारख्या माणसाला हे वाचून रडू येतं, ज्याने ५० एमबीपीएसच्या लाइनवर आयुष्य काढलंय.

आता हिशोब बघा. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सहा-सव्वासहा एमबी. १०० जीबीचा गेम म्हणजे साडेचार तास, तेही लाइन पूर्ण स्पीडने चालली तर, आणि संध्याकाळी आमची लाइन पूर्ण स्पीडने चालत नाही, मुलगा एका खोलीत व्हिडिओ बघत असतो आणि बायकोची मीटिंग असते. मग गेम दोन सेकंदांत लोड होतो याचं कौतुक मी कोणाला सांगू. वाट बघणं गेलेलंच नाही, ते मशीनमधून निघून राउटरमध्ये जाऊन बसलंय. एक मात्र मानायला पाहिजे, पीएस४ वर अपडेट उतरल्यावर ते ‘कॉपी होतंय’ नावाचं प्रकरण असायचं, अर्ध्या जीबीच्या पॅचसाठी अख्खा गेम पुन्हा कॉपी आणि तेवढी मोकळी जागा पण पाहिजे, तो छळ इथे नाही. रात्री रेस्ट मोडवर टाकून झोपलं की सकाळी काम झालेलं असतं.

फायबर तुटली तेव्हा काय झालं ते ऐका. डिजिटल गेम्स चालले, कारण कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्लेचं सेटिंग ऑन होतं (तुमचं आहे का बघून घ्या, आत्ताच). प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या सबस्क्रिप्शनमधून घेतलेले पण मुदत होती तोवर चालले. पण एक रेसिंगची डिस्क, पैसे देऊन घेतलेली, हातात धरलेली डिस्क, तिने थोडंफार काहीतरी दाखवलं आणि मुख्य गेमला सांगितलं सर्व्हरशी जोडा. एकटाच खेळतोय मी! समोर कॉम्प्युटरच्या गाड्या! ग्रॅन टुरिस्मो ७ चं मार्च २०२२ मध्ये असंच झालं होतं हे तेव्हा आठवलं, सर्व्हर तीस तासांच्या वर बंद आणि जगभरचे लोक एकट्याने खेळायच्या बहुतेक शर्यतीसुद्धा खेळू शकत नव्हते. आणि सोनीचा काँकॉर्ड हा ऑनलाइन गेम आठवतोय का, ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद. पैसे परत दिले म्हणा, पण त्याची डिस्क आता चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची. स्लिमच्या डिस्क ड्राइव्हचंही तसंच, ती नंतर वेगळी घेऊन जोडता येते पण पहिल्यांदा जोडताना नेट लागतं. एक ड्राइव्ह बसवायला नेट!

सर्व्हर त्यांच्या बाजूने पण पडतात. ७ फेब्रुवारी २०२५ ला पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क) साधारण एक दिवस बंद होतं, सोनीने नंतर प्लसवाल्यांना पाच दिवस वाढवून दिले. आमच्या केबलवाल्याने काय दिलं? तक्रार ‘रिझॉल्व्ह्ड’ झाल्याचा मेसेज, नेट बंद असताना.

आता प्लसबद्दल. ऑनलाइन खेळायला प्लस लागतंच, फोर्टनाइटसारखे फुकटवाले सोडून. २०२२ ला इसेन्शियल, एक्स्ट्रा असे प्रकार केले, भारतात सगळ्यात वरचं डिलक्स कारण क्लाउड स्ट्रीमिंग इकडे दिलंच नाही, आणि २०२३ च्या सप्टेंबरात वर्षाचे दर वाढवले. मी आधी कट्टर विरोधात होतो, भाड्याच्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण सेलमध्ये एक्स्ट्रा घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगतो, पैसे वसूल झाले, जे गेम मी कधी विकत घेतले नसते ते खेळलो. फक्त त्याने जागेचा प्रश्न दुप्पट झाला, कारण फुकट दिसलं की आपण डाउनलोड मारतो, स्वभाव आहे.

म्हणून मग वरचा एसएसडी घ्यायचं ठरवलं. यूएसबीची हार्ड डिस्क आधीची होती, पण पीएस५ चे गेम त्यावर फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत, खेळायच्या वेळी परत आत आणा. सुट्टीत गेलो होतो तेव्हा मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून १ टीबी घेतला, हीटसिंकवाला (उष्णता बाहेर टाकणारं धातूचं आवरण असलेला). दुकानदाराला तीनदा सांगितलं पीएस५ स्लिमसाठी पाहिजे, तो म्हणाला, "सगळ्यांना बसतो, डोळे झाकून घ्या." घरी आणून बाजूचं पांढरं पॅनल काढलं, आतल्या पत्र्याच्या झाकणाचा स्क्रू काढला, तो बारका स्पेसर योग्य भोकात सरकवला, एसएसडी बसला, आणि झाकण लागेना. हीटसिंक उंच. सोनीने लिहून दिलंय की बोर्डच्या वर ८ मिलिमीटर चालतो, सगळं मिळून ११.२५. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावली तर वरचा भागच दहा-अकरा भरत होता. फोन केला तर म्हणे झाकण न लावता वापरा, काही होत नाही. अहो, त्या झाकणाचाही हवेशी संबंध आहे! परत घ्या म्हटलं तर सील फुटलंय. मग बिलावर त्यानेच स्वतःच्या हाताने ‘पीएस५’ लिहिलं होतं त्याचा फोटो पाठवला, तेव्हा आवाज खाली आला. पैसे नाहीत, क्रेडिट नोट देतो म्हणाला.

दुसरीकडून बारीक हीटसिंकचा घेतला. बसवून चालू केल्यावर फॉरमॅट कर म्हणून स्क्रीन येते आणि शेवटी रीड स्पीड दाखवते. सेकंदाला साडेपाच हजार एमबीच्या वर आकडा आला की काम झालं, माझा आरामात वर आला. त्यावरचे गेम आणि आतले गेम यांत मला तरी काही फरक जाणवत नाही. घेणार असाल तर २ टीबीचाच विचार करा, मी १ वर कंजूषी केली कारण सध्या मेमरीचे भाव ज्या वेगाने चढलेत ते बघून छाती होईना.

क्रेडिट नोटची मुदत मार्चपर्यंत आहे. त्यात कंट्रोलरचा चार्जिंग डॉक घ्यावा म्हणतोय, तर कोणी लोकल कंपनीचा वापरलाय का, का मूळचाच घ्यावा लागतो? आणि दुकानदार ‘सगळ्यांना बसतो’ म्हणाला तर काय करायचं हे मी आता शिकलोय, पट्टी खिशात घेऊन जाणार आहे.