थंडीतला दमा : कॅप्सूलचा इनहेलर की स्पेसरसह पंप?

निफाडच्या थंडीत दम्याच्या रुग्णाची खरी परीक्षा पहाटे होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी शेकोट्या पेटवतात, आणि कोरड्या गार हवेने आधीच आवळलेल्या श्वासनलिकांना तो धूर सोसवत नाही. अशा वेळी उशाशी कोणते साधन असावे, हे मी दोन्ही वापरून ठरवले आहे.

कॅप्सूलचा इनहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली औषधाची भुकटी श्वासाने ओढायचे साधन, खिशात मावतो, त्यात पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ घालावा लागत नाही, आणि औषध संपले की नाही हे कॅप्सूल उघडून पाहता येते. रोजच्या प्रतिबंधक औषधासाठी तीन हिवाळे मी तोच वापरला आणि माझी काही तक्रार नव्हती.

नंतर जानेवारीतल्या एका पहाटे चार वाजता छाती भरून आली. बोटे इतकी गारठली होती की कॅप्सूल दोनदा गोधडीवर पडली, आणि कशीबशी बसवून ओढली तरी निम्मी भुकटी आत तशीच राहिली. ही भुकटी छातीत पोचायला श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, आणि धाप लागलेल्या माणसाकडे नेमका तोच जोर नसतो. शिवाय धापेच्या भरात इनहेलरमध्येच श्वास सोडला गेला, तर भुकटी दमट होऊन चिकटते. माझा निर्णय या एकाच अडचणीने झाला.

स्पेसर, म्हणजे फवारणाऱ्या पंपाला जोडायची पोकळ नळी, अवजड आहे, प्रवासात नकोसा होतो, आणि धुतल्यावर आतून न पुसता तसाच वाळू द्यावा लागतो, कारण फडक्याने घासल्यास औषध त्याच्या भिंतींना चिकटू लागते. गारठलेला पंपही नीट फवारत नाही. तो मुठीत धरून उबवावा आणि हलवून घ्यावा, शेकोटीजवळ मात्र कधीही नेऊ नये. हे सारे मान्य करूनही, पंप एकदा दाबून स्पेसरमधून चार-पाच संथ श्वास घेतले की धाप लागलेली असतानाही औषध आत पोचते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांचा श्वास भक्कम आहे, त्यांनी डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल बदलण्याचे कदाचित कारण नसेल. घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल, तर मात्र तातडीच्या औषधासाठी स्पेसरबद्दल थंडी पडण्याआधीच डॉक्टरांना विचारावे आणि तो कसा वापरायचा हे त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावे. माझा पंप डिसेंबरपासून गोधडीतच असतो.