मोतीबिंदू: फेको की लहान छेदाची शस्त्रक्रिया?

मोतीबिंदू थेंबांनी किंवा गोळ्यांनी विरघळत नाही. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते, आणि प्रश्न उरतो तो पद्धतीचा. अमेरिकी नेत्रशल्यचिकित्सक चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये प्रथम वापरलेल्या फेको पद्धतीत सुमारे २ ते ३ मि.मी.च्या छेदातून श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते शोषून घेतात आणि घडीचे भिंग आत सरकवतात. (बोलताना लोक याला ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात, ते सहसा खरे नसते.) छेद अगदी लहान असल्याने पारपटलाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता फारशी बदलत नाही, म्हणून चष्म्याविना दूरचे दिसणे अधिक चांगले राहते.

दुसऱ्या, म्हणजे ‘लहान छेदाच्या’ पद्धतीत (छेद फेकोपेक्षा मोठा, पण पूर्वीच्या टाक्यांच्या शस्त्रक्रियेपेक्षा लहान) डोळ्याच्या पांढऱ्या भागात ६ ते ७ मि.मी.चा बोगद्यासारखा छेद घेऊन भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढतात. टाका येथेही बहुधा लागत नाही. महागडे यंत्र नसल्याने खर्च कमी येतो. पूर्ण पिकलेल्या, तपकिरी, कडक मोतीबिंदूत फेकोची जास्त ऊर्जा पारपटलाच्या पेशींना इजा करू शकते. तिथे निष्णात हातांची ही दुसरी रीतच मला अधिक सुरक्षित वाटते. चष्मा लावल्यावर दोन्हींची दृष्टी जवळपास सारखीच असते.