चौघांचं पॅनेल की एकाच पाहुण्याशी संवाद?

परराष्ट्र धोरणावरच्या थिंक टँकमध्ये जनसंपर्क आणि जाहीर कार्यक्रम सांभाळायला लागलं की हा प्रश्न पहिल्या महिन्यातच समोर येतो. तासाभराच्या कार्यक्रमाला चार तज्ज्ञ बोलवायचे, की एकच पाहुणा आणि त्याला बोलतं करणारा सूत्रसंचालक? सभागृह तेच, निमंत्रणांची यादी जवळपास तीच. फरक पडतो तो त्या साठ मिनिटांच्या वाटपात.

पॅनेलचा हिशोब साधारण असा जातो. उशिरा सुरुवात ५ मिनिटं, संचालकांचं स्वागत ३, चौघांचे परिचय ६. प्रत्येकाला सुरुवातीला पाच मिनिटं बोला म्हणून सांगितलेलं असतं, प्रत्यक्षात आठ जातात, म्हणजे ३२. सूत्रसंचालकाची एक फेरी ८. श्रोत्यांच्या वाट्याला उरतात ६ मिनिटं. वक्ता माजी राजदूत असेल आणि सूत्रसंचालक संस्थेतला तरुण अभ्यासक, तर 'वेळ संपली'ची चिठ्ठी पुढे सरकवूनही भाषण थांबत नाही. परिचय वाचून न दाखवता पडद्यावर टाकले, सुरुवातीची भाषणं रद्द करून थेट प्रश्नापासून आरंभ केला आणि वक्त्यांना दिसेल असं उलटं चालणारं घड्याळ समोर ठेवलं, तर बरीच मिनिटं परत मिळतात. पण चौघांपैकी एकाने जरी लिहून आणलेलं टिपण काढलं, की बाकीचे तिघंही तेवढाच वेळ घेतात.

वेळ अशी संपली की पुढे येते ती 'तीन प्रश्न एकत्र घेऊया' ही पद्धत. पॅनेलबद्दल माझं मत बदललं ते तिच्यामुळे. प्रश्न तीन, उत्तरं देणारे चार. प्रत्येक जण आपल्या सोयीचा प्रश्न उचलतो आणि सर्वांत अवघड प्रश्न कुणाच्याच वाट्याला येत नाही. विचारणाऱ्याच्या हातून माइक गेलेला असतो, त्यामुळे त्याला आठवणही करून देता येत नाही. उत्तर टाळलं गेलं हे सभागृहात कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. ज्या प्रश्नासाठी लोक संध्याकाळ काढून येतात, तोच असा विरून जातो, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. पुढचं नुकसान संपादनाच्या टेबलावर कळतं. प्रश्न ५१व्या मिनिटाला, त्याचं अर्धंमुर्धं उत्तर ५७व्या मिनिटाला, मध्ये दुसरेच विषय. नव्वद सेकंदांची क्लिप बनते ती प्रश्न आणि उत्तर शेजारीशेजारी असले तरच.

एका पाहुण्याच्या संवादात त्याच साठ मिनिटांतली साधारण २५ श्रोत्यांसाठी ठेवता येतात. एका वेळी एकच प्रश्न, लगेच त्याचं उत्तर. माइक प्रश्नकर्त्याच्या हाती न देता स्वयंसेवकाने स्वतः धरावा; प्रश्नाचं भाषण होत नाही. आणि 'का ते तुम्ही सांगितलंत, केव्हा ते राहिलं' असं सूत्रसंचालकाला तिथल्या तिथे म्हणता येतं. बातमी बहुतेक वेळा या टप्प्यात जन्मते. सिंगापूरच्या शांग्री-ला डायलॉग या सुरक्षा परिषदेत २०१९मध्ये चीनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री वेई फेंगहे यांनी १९८९मध्ये तिआनआनमेन चौकातल्या निदर्शकांवर झालेल्या कारवाईचं समर्थन केलं ते लिखित भाषणात नव्हे, प्रश्नाला उत्तर देताना. जून २०२२मध्ये स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावाच्या ग्लोबसेक सुरक्षा परिषदेत भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर युरोपच्या मानसिकतेबद्दल (युरोपचे प्रश्न ते जगाचे प्रश्न, पण जगाचे प्रश्न ते युरोपचे नाहीत, अशी ती मानसिकता) जे बोलले, तेही सूत्रसंचालिकेच्या नेमक्या प्रश्नामुळे.

पॅनेलच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहेच. फेब्रुवारी २०२४मध्ये म्युनिक सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन, जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री बेअरबॉक आणि जयशंकर एकाच मंचावर होते. भारत रशियाकडून तेल घेतो याबद्दलचं उत्तर ब्लिंकन शेजारी बसलेले असताना दिलं गेलं, म्हणून त्याला वजन आलं. पण ते तिघं होते, आणि तिघांच्या सरकारांच्या भूमिका खरोखर वेगळ्या होत्या. एकाच मताचे चार अभ्यासक बसवून तो परिणाम येत नाही.

संवादाचा खरा धोका म्हणजे पाहुणा ऐन वेळी न येणं. चौघांतला एक गळला तर पॅनेल उभं राहतं, इथे कार्यक्रमच कोसळतो. म्हणून संस्थेतला एक अभ्यासक त्याच विषयावर वीस मिनिटांची मांडणी तयार ठेवून असावा, आणि चार तास आधीपर्यंत पाहुण्याचा होकार पक्का झाला नाही तर नोंदणी केलेल्यांना बदल स्पष्ट शब्दांत कळवावा. दुसरा धोका, मंच पाहुण्याच्या प्रचाराला आयता मिळण्याचा. त्यावर उपाय म्हणजे विषय जाणणारा सूत्रसंचालक. नुसता आवाज चांगला असून भागत नाही. पाहुण्याचं कार्यालय प्रश्न आधी मागेल. विषय कळवावेत, प्रश्नांची वाक्यं देऊ नयेत.

ध्वनीचं थोडक्यात. पाच कॉलर माइक एकदम उघडे राहिले की रेकॉर्डिंग पोकळ वाटतं. न बोलणाऱ्यांच्या माइकचा आवाज कमी ठेवणारा माणूस पूर्ण वेळ मिक्सरवर लागतो. दोघांच्या संवादात हे काम निम्म्याहून कमी होतं.

बोललेलं जाहीर धरायचं की नाही, हे निमंत्रणपत्रातच लिहावं. चॅटम हाउस या लंडनच्या थिंक टँकच्या १९२७च्या नियमानुसार माहिती वापरता येते, पण ती कुणी दिली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे सांगता येत नाही. थेट प्रक्षेपण आणि हा नियम एकत्र नांदू शकत नाहीत. पॅनेलमध्ये चौघांपैकी एकाने जरी मंचावर जायच्या पाच मिनिटं आधी 'माझं रेकॉर्डिंग नको' म्हटलं, तरी चौघांचंही बंद करावं लागतं, आणि ऑनलाइन जोडले गेलेले श्रोते रिकाम्या पडद्यासमोर बसतात. एकच पाहुणा असेल तर हे एका फोनवर मिटतं.

तुमच्या संस्थेची गरज वेगळी असू शकते. देणगीदाराने चार देशांचे प्रतिनिधी मागितले असतील तर पॅनेल टळणार नाही. तेव्हा चारऐवजी तीन माणसं मिळतात का पाहा, सुरुवातीची भाषणं काढून टाका, आणि श्रोत्यांचा प्रश्न कुणाला आहे ते नाव घेऊन विचारायला लावा, एका वेळी एकच.