८,४९९ ची एअर रायफल आणि माझे गेलेले १८,४४९ रुपये

लिहू की नको यातच पंधरा दिवस गेले. बायको म्हणते झालं ते झालं, गावभर कशाला करताय, पण आत्ता या क्षणी दुसरा कोणीतरी मला फसवणाऱ्यांचा तोच व्हिडिओ बघत बसला असेल हे डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. १८,४४९ रुपये गेले. कापूस विकून आलेल्या पैशातले. आणि ज्या वस्तूसाठी गेले ती वस्तू मी हातात सुद्धा घेतली नाही.

आमचं गाव बोरी नदीकाठी. पोरगी अकरावीला आहे, २०२४ ला पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं तेव्हापासून तिला नेमबाजीचं वेड. त्याचा प्रकार ५० मीटरचा, त्याला खरी काडतुसाची रायफल लागते, पण सुरुवात बहुतेक सगळ्यांची १० मीटर एअर रायफलवरच, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या रायफलवरच होते, अभिनव बिंद्राचं २००८ चं गोल्ड त्याच प्रकारातलं. आमच्या घरामागं खळं आहे, लांबी तेरा मीटर भरते, शेवटाला जुनी मातीची जाड भिंत. म्हटलं इथंच कागदी टार्गेट लावून सराव करू द्यावा, आवड टिकली तर पुढं क्लबचं बघू.

आणि मी डोळे मिटून पैसे टाकले असं कोणी समजू नका. दोन महिने माहिती काढत होतो. पीसीपी म्हणजे हवा भरायची रायफल अचूक असते पण ती २०० बारपर्यंत भरायला वेगळा पंप नाहीतर सिलिंडर लागतो, तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. म्हणून स्प्रिंगवाली, नळी मोडून छर्रा घालायची, ज्याला ब्रेक बॅरल म्हणतात ती ठरवली. बोअर म्हणजे नळीचं भोक .१७७ इंच, म्हणजे ४.५ एमएम, कारण शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ पर्यंत आणि २० जूलच्या आत ताकद असेल तरच लायसन्स लागत नाही. .२२ बोअरच्या एअरगनला लायसन्स लागतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. स्कोप म्हणजे वरची दुर्बीण घ्यायची नाही हे पण ठरलं होतं, स्प्रिंगचा झटका पुढं-मागं दोन्हीकडून बसतो आणि स्वस्तातला स्कोप त्यात खिळखिळा होतो, १० मीटरला नळीवरच्या साध्या माशीवर नेम धरून भागतं. छर्रे चपट्या तोंडाचे, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारे. बजेट दहा हजार. इतकं सगळं माहीत असलेला माणूस फसला, हेच जास्त लागतंय.

दुकानांत चौकशी केली तर बरी रायफल बारा-पंधराच्या खाली नव्हती. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली, मूळ किंमत १५,९९०, ऑफर ८,४९९, 'लायसन्स नको, स्पीड १३५० फूट'. इथंच थांबायला पाहिजे होतं. अर्ध्या ग्रॅमचा साधा शिशाचा छर्रा सेकंदाला १३५० फुटाने गेला तर ताकद ४२ जूलच्या आसपास जाते, म्हणजे एकतर स्पीड खोटा नाहीतर 'लायसन्स नको' खोटं, दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. हा हिशोब मी स्वतः वहीत मांडलेला होता! त्याच पानावर कोणीतरी होला मारून हातात धरलेला फोटो होता, पक्षी मारणं हा गुन्हा आहे, धंदा करणारा खरा माणूस असला फोटो लावेल का. पण डोक्यात ८,४९९ बसले होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस एकदम गोड बोलला, 'सर बेटी के लिए ले रहे हो तो पाचशे के पेलेट फ्री'. आधी २,००० बुकिंग. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर दुकानाचं नाव यायला पाहिजे तर कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे अकाउंटंट मॅडम आहेत. मी पिन टाकला. आणि एवढी बंदूक विकतोय, पण ना आधार मागितलं ना वय विचारलं. खरा दुकानदार एअरगन देताना ओळखपत्र घेतोच, हे मला माहीत होतं, तरी मला उलट बरं वाटलं की झंझट नाही.

आता तो व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी पॅकिंगचा व्हिडिओ आला, खोक्यावर कागद चिकटवलेला, त्यावर माझं नाव आणि गाव मराठीत हाताने लिहिलेलं. पोरगी शेजारीच उभी, तिने ते वाचलं आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आणि त्याच व्हिडिओत खोक्यातली रायफल सरळ दिसत होती, नळीच्या खाली लांब दांडा. अंडरलिव्हर! मी मागवली होती ब्रेक बॅरल, तिला खाली दांडा नसतोच. मी ते बघितलं. व्हिडिओ थांबवून बोटांनी मोठं करून बघितलं. मनात आलं की हे वेगळं मॉडेल आहे, आणि पुढच्याच क्षणाला वाटलं की स्टॉक नसेल म्हणून वरचं देत असतील, आपलाच फायदा. तोंडातून एक शब्द काढला नाही. पोरीला पण सांगितलं नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच दांडा डोळ्यापुढं येतो. तेव्हा एक मेसेज केला असता की ही माझी रायफल नाही, नळी मोडून दाखवा, तर ६,४९९ तरी वाचले असते, त्याच संध्याकाळी बाकीची रक्कम म्हणून टाकले मी.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. 'शस्त्र वाहतूक पास', परत मिळणारे, ३,२५०. मग पार्सलचा इन्शुरन्स १,९८०. दर वेळी वाटायचं एवढे गुंतलेत, आता मागं कसं हटायचं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल, खाकी ड्रेस, मागं झेंडा, 'आपके नाम का हथियार पकडा गया है, लायसन्स दिखाओ'. मी कायदा वाचलेला माणूस, २० जूल सगळं पाठ, पण खाकी बघून घशाला कोरड पडली. गावात पोलिसांची गाडी दारात येईल या भीतीने ४,७२० टाकले. तासाभराने २५,००० मागितले तेव्हा भाचा घरी आला होता, त्याने फोन हातातून ओढून घेतला, म्हणाला मामा हे पोलीस नाहीत, खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे घेत नाहीत. आई ओट्यावर बसून ऐकत होती, एवढंच म्हणाली, 'पैसा गयात ते गयात, आते जेवी ले.' मला घास उतरला नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी त्यानंतर तिसऱ्या दिवशी केला, ही माझी चूक. लाज वाटत होती. तुम्ही लाज बाळगू नका, पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासात १९३० लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच अडतात. यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार नंबर आणि स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, फसवणारा ब्लॉक करून चॅट उडवतो.

मग सुरू झाली फरफट. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, बंदूक कशाला पाहिजे होती. मी सांगतोय पोरीच्या सरावाला, छर्र्याची, लायसन्स लागत नाही, नियमाचा प्रिंट काढून नेला होता, तो त्यांनी उलटून पण बघितला नाही. दोन तास बाकावर बसवलं, चार जणांसमोर मोठ्याने विचारलं 'कोणाशी वैर आहे का'. फसलो मी आणि संशयित पण मीच! मग म्हणाले हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. एसटीने जिल्ह्याला गेलो, तिथं सांगितलं पन्नास हजारांच्या आतलं तुमच्या ठाण्यातच द्या. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. पुढच्या खेपेला फक्त अर्ज घेतला, साधा शिक्का मागितला तर म्हणे पोर्टलवर टाकलंय ना, झालं मग. एफआयआर नाही. नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यायला पाहिजे असं लिहिलेलं आहे, ते वाक्य मी वाचून दाखवलं तर हवालदार म्हणाला, 'एवढं वाचता तर फसले कसे?' यावर काय बोलणार. चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला दिवस बुडाला, निंदणीच्या बाया शेतात आणि मी बाकावर.

बँकेत तर त्याहून वाईट. पिन तुम्हीच टाकला ना, मग आम्ही काय करणार, हे वाक्य तीन खिडक्यांवर ऐकलं. पुढच्या एका खात्यात माझ्यातले १,१०० रुपये होल्ड झालेत असं कळलं, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे. १,१०० साठी वकील.

एक मित्र म्हणाला, भो, तू खळ्यात बंदूक आणायला गेलाच कशाला. मला हा प्रश्न पटत नाही. हौस करणं गुन्हा नाही, फसवणारा गुन्हेगार आहे. फक्त रायफल दुकानात जाऊन हातात घेऊन घ्या, शंभर-दोनशे किलोमीटर जावं लागलं तरी जा, भाडं माझ्या नुकसानीपेक्षा कमीच पडेल. बिलावर बोअर, मॉडेल आणि दुकानाचा जीएसटी नंबर बघा. पैसे टाकताना स्क्रीनवर नाव दुकानाचं नसेल तर एक रुपया टाकू नका. ऑनलाइन बोलत असाल तर विक्रेत्याला चालू कॉलवर नळी मोडून दाखवायला सांगा, तयार व्हिडिओला भुलू नका. आणि 'परत मिळतील' म्हणून जो आधी पैसे मागतो त्याला तिथंच तोडा. आणली की मागं वाळूची पोती लावा, पत्र्यावर नेम धरू नका, छर्रा उलटा येतो.

मागच्या आठवड्यात ते पान नव्या नावाने परत दिसलं. तेच खोकं, तीच खाली दांडा असलेली रायफल, कागदावर नाव दुसऱ्याचं. मी खाली लिहिलं हे चोर आहेत, दोन मिनिटांत मला ब्लॉक केलं. स्क्रीनशॉट ठाण्यात पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. काल मात्र फोन आला, सोमवारी या आणि येताना रायफलचं मूळ बिल घेऊन या. तीनदा सांगितलं साहेब रायफल आलीच नाही, बिल कुठून आणू. म्हणाले बिलाशिवाय कागद पुढं जाणार नाही. सोमवारी पाचवी खेप.