थर्मोस्टॅटच्या डब्यात थर्मोस्टॅटच नव्हता

लेपर्ड गेको या पाळायच्या पालीसाठी ‘फुल सेटअप’ म्हणून काचेची पेटी, हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) आणि थर्मोस्टॅट (तापमान ताब्यात ठेवणारं यंत्र) एकत्र विकणाऱ्या एका माणसानं आम्हाला फसवलं. साडेनऊ हजार रुपये गेले. त्याहून जास्त राग याचा आहे, की एका मुक्या जिवाचं पोट भाजलं. आपल्या सीमाभागातल्या आणखी कुणाच्या घरी अशी पेटी येऊ नये, म्हणून झालेलं सगळं लिहिते.

गेको आमच्याकडं आला तो माझ्या भावाकडून. भाऊ पुण्याहून परदेशी नोकरीला गेला आणि माझ्या मुलीनं मामाकडून तो हट्टानं मागून घेतला. (वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून सूचीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. म्हणून कुठलाही प्राणी घरी आणण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारा. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणत असेल किंवा रानातून धरलेला प्राणी दाखवत असेल, तर तिथूनच परत फिरा.)

मुलीनं वाचून वाचून वही भरली होती. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. आपल्या बेळगावात पावसाळाभर भिंतींना ओल आणि डिसेंबरात रात्री स्वेटर लागतो, त्यामुळं पेटीत ऊब ठेवावीच लागते. एका टोकाला लपायच्या जागेखाली जमीन ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश, म्हणजे त्याला पाहिजे तिथं तो जाऊन बसतो. ही ऊब हीट मॅट देते. पण मॅटला स्वतःची अक्कल नसते, ती तापतच राहते. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा आणि परत जोडणारा थर्मोस्टॅट हाच त्या पेटीतला खरा जिवाचा रखवालदार.

हे सगळं आम्ही त्या माणसाला फोनवर विचारलं होतं. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद पाहिजे, झाकणाला जाळी पाहिजे, थर्मोस्टॅट वेगळा पाहिजे. सगळ्याला तो हो म्हणाला. व्हिडिओसुद्धा पाठवला, त्यात आकडा ३२ वर गेला की दिवा विझत होता. “ताई, तुमी कायबी काळजी करू नकासा, माझ्या पेट्या पार गोव्यापर्यंत जात्यात,” असं म्हणाला. दुकान महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. पेटी सीमेवरच्या शिनोळी फाट्यावर गाडीतून उतरवून दिली. पैसे यूपीआयनं घेतले आणि बिल मागितलं तर ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणाला. ते आजवर आलं नाही.

पेटी दिसायला देखणी होती. बाजूला काळा डबा चिकटवलेला, त्यावर हिरवा आकडा. मॅटची वायर थेट त्या डब्यातून निघालेली आणि डब्याच्या जोडावर स्टिकर: ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’. हा स्टिकर नीट लक्षात ठेवा.

तळाला ‘कॅल्शियम सँड’ म्हणून पांढरी वाळू होती. ती मुलीनं पहिल्याच दिवशी काढून साधा टिश्यू पेपर घातला, कारण किडा पकडताना वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबतं. लाल बल्बही दिला होता. रात्री त्याचा उजेड या निशाचर प्राण्याला त्रास देतो, म्हणून तोही काढून ठेवला. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

काही दिवसांनी मुलगी म्हणाली, “आई, तो ऊबदार घरात जातच नाही गं आता.” गार टोकाला काचेला चिकटून पडून असायचा. खाणं कमी झालं. डब्यावरचा आकडा मात्र ३१, ३२, परत ३१. तिनं त्याला हलकेच हातावर घेतलं तर पोटाच्या कातडीवर रुपयाएवढा तपकिरी-लाल डाग. डाग कडेनं कोरडा होता आणि मध्ये ओलसर. बघून माझ्या पोटात कालवलं.

आमच्या शेजारचे काका उद्यमबागेत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतात. मोटार किती तापली ते बघायची त्यांच्याकडची इन्फ्रारेड गन आणली आणि मॅटच्या वरच्या जमिनीवर धरली. ४६ अंश. डब्यावर त्याच क्षणी ३२. मग काकांनीच सील कापून डबा उघडला.

आत काय होतं ते सांगते. फ्रीजमध्ये लावायला मिळतो तसला स्वस्त डिजिटल थर्मामीटर, पुढच्या खाचेत गरम गोंदानं चिकटवलेला. त्याची सेन्सरची वायर मॅटपर्यंत गेलेलीच नव्हती. ती पेटीच्या पाठीमागच्या कोपऱ्यात टेपखाली दडवलेली होती, म्हणून आकडा नेहमी शोभेल असाच दिसायचा. तापमान ठरवायच्या गोल बटणामागं काहीही नव्हतं, नुसतं बटण प्लॅस्टिकमध्ये फिरत होतं. मॅटच्या दोन्ही वायरी मेनच्या वायरींना पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. वीज तोडणारा-जोडणारा रिले नाही, फ्यूज नाही. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, हे नुसतं पालीला नव्हं, तुमच्या घरालाबी घातक हाय.”

तो स्टिकर कशासाठी होता ते तेव्हा ध्यानात आलं. फोन केला तर उत्तर ठरलेलं: “तुमी सील तोडलासा, आता माझी जबाबदारी न्हाई.” त्यानंतर नंबर ब्लॉक.

गेकोला कोल्हापूरला दाखवावं लागलं, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले डॉक्टर जवळपास सापडत नव्हते. मलम, रोज बदलायचा स्वच्छ टिश्यू, खाली मॅट नाही, खोलीच उबदार ठेवायची. डॉक्टरांनी सांगितलं की अशा प्राण्यांना पोटाखालचं भाजणं वेळेवर कळत नाही, भाजत असतानाही ते तिथंच पडून राहतात. जखम हळूहळू भरली. कात टाकताना तिथली कातडी अजून अडकते, म्हणून ओलसर कापड घातलेला छोटा डबा कायम आत ठेवलाय.

तक्रारीला गेलो तेव्हा सीमा आडवी आली. पोलिसांनी सांगितलं, दुकान महाराष्ट्रात आहे, तिकडं जावा. अशा वेळी परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याहून सोयीचा आहे. दुकान कुठंही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आम्ही बेळगावच्या आयोगात अर्ज दिलाय. बिल नसलं तरी यूपीआयची पावती, त्याचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि उघडलेल्या डब्याचे फोटो जोडलेत. डबा तसाच जपून ठेवलाय, पुरावा म्हणून. तुमच्यावर ही वेळ आली तर उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. आम्ही नुसते फोटो काढले, पण वकील म्हणाले व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो.

नवीन घेणाऱ्यांना एकच सांगणं: मॅट कायमची जोडलेला डबा घेऊच नका. थर्मोस्टॅटला स्वतःचं सॉकेट पाहिजे. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर त्या सॉकेटमध्ये साधा पिवळा बल्ब लावा, तापमान ३२ वर ठेवा आणि सेन्सर गरम पाण्याच्या पेल्यात बुडवा. बल्ब विझला पाहिजे, निदान मंद तरी झाला पाहिजे. मग तोच सेन्सर बर्फाच्या पाण्यात घाला. बल्ब परत लागला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे. जो ‘सील आहे, करता येत नाही’ म्हणतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

आणि ज्यांच्या घरी काळ्या डब्याची अशी पेटी आधीच आली आहे, त्यांनी आजच मॅटचा प्लग काढा आणि जाणत्या वायरमनकडून डबा उघडून घ्या. तोवर पेटी घरातल्या उबदार खोलीत ठेवा. धडधाकट मोठा गेको दोनचार दिवस मॅटशिवाय काढतो. फक्त तेवढे दिवस त्याला खायला घालू नका, पाणी ठेवा. अंगात ऊब नसली की खाल्लेला किडा पचत नाही.