जुनी चिनी तलवार घ्यायचीय: लाँगछ्वानची ज्यान की छिंग काळातली दाओ?

ज्यान म्हणजे सरळ, दुधारी. दाओ एकाच बाजूने धारेची, बहुतेकदा जराशी वाकडी.

बाजारात सजवलेल्या ज्यानच जास्त दिसतात, त्यातल्या बऱ्याच छिंग राजवटीच्या (चीनची शेवटची राजवट, 1644 ते 1912) शेवटच्या काळातल्या, झेज्यांग प्रांतातल्या लाँगछ्वानच्या. पात्यात पितळेचे सात ठिपके बसवलेले म्हणजे सप्तर्षी, एका अंगाला ड्रॅगन, दुसऱ्याला फिनिक्स, दिसायला एकदम भारी. पण सात ठिपके दिसले की लगेच "ताओ पुजाऱ्याची (ताओ हा चीनमधला जुना धर्मपंथ) तलवार" असं ठोकून द्यायचं नाही हां, ही नक्षी तेव्हा सर्रास चालायची आणि परदेशी लोकांनी आठवण म्हणून घरी नेलेल्या ज्यानपण भरपूर आहेत. ठिपक्याच्या कडेवरून नख फिरवून बघा, पितळ खोबणीत बसवलंय की नुसता रंग मारलाय ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

दाओवर मिरवायला कमी असतं, वाचायला जास्त. छ्यानलाँग बादशहाच्या (1735 ते 1796) काळातल्या चांगल्या दाओचं मुठीचं आणि म्यानाचं सामान बघा, कोरीव जाळीकाम, कधी सोन्याचा मुलामा. काही पात्यांत मधे कडक पोलाद आणि दोन्हीकडून मऊ लोखंड असतं, नीट पॉलिश असेल तर धारेजवळ तो थर चक्क दिसतो. एकच लक्षात ठेवा, टोकाकडे रुंद होणारी, सिनेमात दिसते ती दाओ "शाही सैन्याची" म्हणून विकत असतील तर पुढे चला, ती सामान्य लोकांची.

भिंतीवर लावायला ज्यान मस्त. पण पैसे एकदाच घालायचे असतील तर मी तरी दाओच घेईन, नक्षी झिजलेली असली तरी.